हाजतीची टेकडी : अंकाराच्या गरीब वस्तीतून उभं राहिलेलं बालआरोग्याचं विद्यापीठ

आमच्या मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर एक-दोन महिन्यांनी एक मेसेज येतो. बाळ वेगळं असतं, मजकूर तोच. नाकात नळी घातलेल्या बाळाचा फोटो, हॉस्पिटलचं इस्टिमेट, वडिलांचा नंबर आणि वर लिहिलेलं ‘मदद की दरख्वास्त’. लोक मदत करतात. रिक्षावाला शंभर देतो, दुकानदार पाच हजार देतो, कुणी सदक्याची रक्कम देतो, कुणी जकातीची. कधी बाळ वाचतं, कधी नाही. मग ग्रुपवर ‘इन्ना लिल्लाहि’चे मेसेज येतात आणि काही आठवड्यांनी दुसरं बाळ.

ही मदत करायलाच हवी, यात वाद नाही. पण वीस वर्षं शाळेत शिकवल्यावर मला एक प्रश्न छळतो. आपण एकेका बाळासाठी झोळी फिरवतो. बाळांची काळजी घेणारी माणसं तयार करण्यासाठी कधी फिरवली का? या प्रश्नाचं एक उत्तर मला तुर्कस्तानात सापडलं. तुर्कस्तान म्हटलं की आपल्याला खिलाफत चळवळ आठवते, हल्ली ‘एर्तुग्रुल’ सीरियल आठवते. पण तिथल्या एका टेकडीवर मुलांच्या आजारांसाठी एक संस्था सुरू झाली आणि वाढत वाढत तिचं विद्यापीठ झालं, ही गोष्ट आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे.

सुलतानाचं दुःख

सुरुवात थोडी मागून करू. १८९८ मध्ये उस्मानी सुलतान अब्दुल हमीद दुसरे यांची लहान मुलगी हातिजे घटसर्पाने वारली. घटसर्प म्हणजे घशात पडदा धरून श्वास कोंडणारा आजार. अर्ध्या जगाशी पत्रव्यवहार करणाऱ्या बादशहाला स्वतःची लेक वाचवता आली नाही. पुढच्याच वर्षी, १८९९ मध्ये, त्यांनी इस्तंबूलमध्ये मुलांसाठी खास हॉस्पिटल उघडलं. ‘हमीदिये एत्फाल’ असं त्याचं नाव. एत्फाल म्हणजे आपल्या उर्दूतलं अतफाल, मुलं. ते हॉस्पिटल आजही चालू आहे.

हॉस्पिटल बांधणं ही मुस्लिम जगाला नवी गोष्ट नव्हती. काहिरात सुलतान कलावून यांचा मन्सूरी बीमारिस्तान १२८४ मध्ये उभा राहिला. एदिर्नेला सुलतान बायझीद दुसरे यांचं दारुश्शिफा १४८८ मध्ये. दोन्ही वक्फच्या उत्पन्नावर चालायची. देवी आणि गोवर हे दोन वेगळे आजार कसे ओळखायचे, यावर अर-राझी यांनी हजार-अकराशे वर्षांपूर्वी स्वतंत्र किताब लिहिली.

पण विसाव्या शतकात आव्हान बदललं होतं. राजधानीत एक चांगलं हॉस्पिटल असूनही खेड्यात मुलं मरतच होती. कारण हॉस्पिटल आजारी मुलाची वाट बघतं. मूल तिथवर पोचलंच नाही तर?

खेडोपाडी फिरणारा निर्वासित डॉक्टर

हा प्रश्न तुर्कस्तानात आकडे घेऊन मांडणाऱ्यांपैकी एक माणूस परका होता. अल्बर्ट एक्स्टाइन हे जर्मनीतले बालरोगाचे प्राध्यापक. ज्यू असल्यामुळे हिटलरच्या राजवटीत १९३५ मध्ये त्यांना पदावरून काढलं. त्या काळात तुर्कस्तानने अशा बऱ्याच प्राध्यापकांना आसरा दिला. एक्स्टाइन अंकाराला आले आणि नुमूने हॉस्पिटलमध्ये मुलांचा विभाग सांभाळू लागले.

पण ते वॉर्डात बसून राहिले नाहीत. अनातोलियातल्या खेड्यापाड्यांत फिरले, घरोघरी आयांना विचारलं : किती बाळंतपणं झाली? किती मुलं जगली? जी गेली ती कशाने गेली? मलेरिया, जुलाब, गोवर, कुपोषण. आणि ‘नोमा’ नावाचा एक भयंकर आजार, ज्यात उपाशी, अशक्त मुलांचा गाल आणि तोंड सडत जातं. त्यांनी खेड्यातल्या माणसांचे फोटोही भरपूर काढले. १९४५ मध्ये अंकारा विद्यापीठात मेडिकल फॅकल्टी सुरू झाली तेव्हा बालरोग विभाग त्यांच्याकडे आला. एका ज्यू उस्तादाच्या हाताखाली तुर्की बालरोगतज्ज्ञांची एक पिढी शिकली. त्यांतला एक तरुण डॉक्टर म्हणजे इहसान दोग्रामाजी.

इरबिलचा मुलगा, अंकाराची टेकडी

दोग्रामाजींचा जन्म १९१५ चा, इरबिलचा. आज ते शहर इराकमध्ये आहे, तेव्हा उस्मानी सल्तनतीत होतं. घराणं तुर्कमान, वडील अली पाशा शहरातले प्रतिष्ठित. दोग्रामाजी या शब्दाचा अर्थ दारं-खिडक्या बनवणारा सुतार. मुलगा १९३८ मध्ये इस्तंबूलहून डॉक्टर झाला, अंकाराला एक्स्टाइनांकडे काम केलं, पुढे अमेरिकेत बोस्टन आणि सेंट लुईसला बालरोगशास्त्र शिकला. १९४६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेवर सह्या झाल्या, त्यात त्यांचीही सही आहे.

तिकडेच राहून नाव आणि पैसा दोन्ही मिळाले असते. ते अंकाराला परतले.

२ फेब्रुवारी १९५४ रोजी अंकारा विद्यापीठात बालआरोग्य संस्थेची स्थापना झाली. संस्था कागदावर होती; तिला जागा, इमारत, माणसं हवी होती. जागा निवडली जुन्या अंकारातली एक टेकडी, आजूबाजूला गरिबांची दाट वस्ती. टेकडीचं नाव हाजेत्तेपे. तुर्कीत तेपे म्हणजे टेकडी. आणि हाजेत म्हणजे आपली हाजत, गरज. सलातुल-हाजत पढणाऱ्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. हाजतीची टेकडी!

८ जुलै १९५८ रोजी तिथे बालआरोग्य संस्था आणि मुलांचं हॉस्पिटल सुरू झालं. त्याच वर्षी संस्थेने बालरोगशास्त्राचं स्वतःचं नियतकालिक काढलं, तेही इंग्रजीत, म्हणजे आपल्या मुलांच्या आजारांवर आपण काय शिकलो ते जगाला वाचता यावं. हॉस्पिटल आणि संस्था यांतला फरक इथे समजतो. हॉस्पिटल बाळावर उपचार करतं आणि घरी पाठवतं. संस्था ते बाळ का आजारी पडलं ते शोधते, लिहून ठेवते आणि उद्याच्या दहा डॉक्टरांना, वीस नर्सना शिकवते.

विस्ताराची किंमतही होती, ती लपवू नये. टेकडीवरच्या जुन्या मोहल्ल्यातली बरीच घरं या बांधकामांत गेली. ज्यांच्यासाठी हॉस्पिटल आलं, त्यांतल्याच काहींना उठावं लागलं.

आधी नर्स, मग डॉक्टर

आता या गोष्टीतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. हॉस्पिटल उभं राहिल्यावर पुढचं पाऊल काय असावं? आपल्याकडचा कुठलाही ट्रस्टी म्हणेल, मेडिकल कॉलेज! हाजेत्तेपेने तसं केलं नाही. १९६१ मध्ये तिथे नर्सिंग, फिजिओथेरपी आणि लॅब तंत्रज्ञानाचं उच्च शिक्षण सुरू झालं. मेडिकल फॅकल्टी आली त्यानंतर, १९६३ मध्ये. मग दंतवैद्यक आणि मूलभूत विज्ञानं आली. ८ जुलै १९६७ रोजी, म्हणजे हॉस्पिटल सुरू झाल्याच्या बरोबर नवव्या वाढदिवशी, कायदा होऊन हाजेत्तेपे विद्यापीठ झालं. दोग्रामाजी त्याचे पहिले रेक्टर, म्हणजे कुलगुरू.

हा क्रम नीट बघा : मुलांचा दवाखाना, नर्स, फिजिओथेरपिस्ट, लॅबवाले, मग डॉक्टर, मग विद्यापीठ. आपण नेहमी वरून सुरू करतो आणि पहिल्या मजल्यावरच थकतो.

नर्स आधी का, हे ज्याने कधी मुलांच्या वॉर्डात रात्र काढली आहे त्याला सांगायला नको. डॉक्टर सकाळी राउंडला येतात, पाच मिनिटं थांबतात. बाळाचा ताप रात्री दोन वाजता वाढतो. सलाइनचा वेग कमी-जास्त करणं, इवल्याशा हाताची शीर शोधणं, दूध किती प्यायलं आणि लघवी किती वेळा झाली ते लिहिणं, ‘श्वास वेगळा वाटतोय’ हे वेळेत ओळखणं, घाबरलेल्या आईला दूध पाजायला शिकवणं, ही सगळी कामं नर्सची. शिकलेली नर्स नसेल तर मोठा डॉक्टरही फार काही करू शकत नाही.

वॉर्डातून गावात

दुसरी गोष्ट म्हणजे विद्यापीठ टेकडीवर अडकून राहिलं नाही. तुर्कस्तानात १९६१ मध्ये आरोग्यसेवा गावोगावी नेण्याचा कायदा झाला. त्यामागचं मुख्य डोकं डॉ. नुसरेत फिशेक यांचं. पुढे ते हाजेत्तेपेत आले. अंकाराजवळच्या एतिमेसगुत भागातली गावं संस्थेने शिकण्या-शिकवण्यासाठी जोडून घेतली. वैद्यकीय विद्यार्थी तिथल्या आरोग्य केंद्रांत राहायचे, घरोघरी जायचे. एक्स्टाइनांनी जे एकट्याने केलं, ते आता अभ्यासक्रमात आलं.

१९६७ मध्येच विद्यापीठात लोकसंख्या अभ्यासाची संस्था निघाली. १९६८ पासून साधारण दर पाच वर्षांनी ती देशभर पाहणी करते : किती बाळं जन्मली, किती वाचली, कुणाला लस मिळाली, कुणाला नाही. यात कोरडं काही नाही. जे मूल मोजलंच जात नाही, त्याच्यासाठी बजेटमध्ये पैसा ठेवला जात नाही.

१९६० च्या सुमारास तुर्कस्तानात जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी दीडशेहून अधिक बाळं पहिला वाढदिवस बघत नव्हती. आज हा आकडा दहाच्या आसपास आहे. याचं सगळं श्रेय एका विद्यापीठाला देणं चूक ठरेल. रस्ते झाले, पाणी आलं, मुली शिकल्या, लसी आल्या. १९८५ च्या देशव्यापी लसीकरण मोहिमेत सुमारे २ लाख शिक्षक आणि ५० हजारांहून अधिक इमाम उतरले होते. जुम्याच्या खुतब्यात लसीबद्दल बोललं गेलं, शाळेत मुलांच्या हाती निरोप गेला. पण लस टोचायला, थंड पेटी सांभाळायला, नोंद ठेवायला हजारो प्रशिक्षित हात लागतात. ते हात एका दिवसात तयार होत नाहीत. हाजेत्तेपेसारख्या संस्था ते काम वर्षानुवर्षं करत होत्या.

पैसा कुठून आला?

हा प्रश्न आपल्याकडे आधी विचारला जातो, म्हणून सांगते. हाजेत्तेपे हे सरकारी विद्यापीठ, त्यामुळे मोठा खर्च सरकारचा. पण दोग्रामाजींनी त्याच्या जोडीला वक्फचा रस्ता धरला. तुर्कीत वक्फला ‘वाकिफ’च म्हणतात. त्यांनी आरोग्य आणि शिक्षणासाठी वक्फ स्थापले आणि त्यांना नुसत्या देणग्यांवर ठेवलं नाही, उद्योगांची जोड दिली. १९६९ मध्ये ‘तेपे’ नावाने फर्निचरचा उद्योग सुरू झाला. पुढे बांधकाम आणि इतर व्यवसाय आले. सुताराच्या नावाच्या माणसाने फर्निचरच्या नफ्यातून शिक्षण चालवावं, हा योगायोग छान आहे. १९८४ मध्ये त्यांच्या वक्फांनी अंकारात बिल्केंत हे देशातलं पहिलं खाजगी, ना-नफा विद्यापीठ उघडलं.

आपल्या महाराष्ट्रात वक्फच्या नावावर हजारो एकर जमीन आहे. तिच्यावरून कोर्टकचेऱ्या किती आणि तिच्या उत्पन्नातून शिकलेल्या नर्स किती, हा हिशोब आपणच आपल्याला विचारायला हवा. सरकारच्या कायद्यांवर बोलूच, बोलायलाच हवं. पण घरचा हिशोबही मांडायला हवा.

दुसरी बाजू

दोग्रामाजींना फरिश्ता बनवायची गरज नाही. १९८० मध्ये तुर्कस्तानात लष्कराने सत्ता घेतली. १९८१ मध्ये सगळ्या विद्यापीठांवर नियंत्रण ठेवणारी उच्च शिक्षण परिषद आली आणि तिचे पहिले अध्यक्ष झाले दोग्रामाजी. १९९२ पर्यंत राहिले. विद्यापीठांची स्वायत्तता गेली, त्या काळात अनेक प्राध्यापकांना नोकरी गमवावी लागली. १९८२ मध्ये याच परिषदेने विद्यापीठांत हेडस्कार्फला मनाई केली. १९८४ मध्ये ‘तुर्बान’ नावाने एक वेगळ्या पद्धतीचा रुमाल चालेल अशी तडजोड काढली, पण वाद मिटला नाही. पुढची पंचवीसेक वर्षं कितीतरी मुलींना डोक्यावरचा रुमाल आणि डिग्री यांतलं एक निवडावं लागलं. ही मनाई २०१० नंतर हळूहळू उठली.

ज्या माणसाने हजारो मुलींना नर्स, डॉक्टर, शिक्षिका बनवणारं विद्यापीठ उभारलं, त्याच्याच परिषदेमुळे काही मुली विद्यापीठाच्या दारातून परत गेल्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कर्नाटकातल्या कॉलेजांच्या गेटवर काय झालं ते आपण नुकतंच बघितलं आहे, म्हणून ही बाजू आपल्याला जास्त टोचते. संस्था उभारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं की दार किती मोठं आहे यापेक्षा ते कुणासाठी बंद आहे, हे लोक जास्त काळ लक्षात ठेवतात.

आपल्या गल्लीत

आता घरी येऊ. मुंबईत परळला मुलांचं वाडिया हॉस्पिटल १९२९ मध्ये एका पारशी घराण्याच्या दानातून उभं राहिलं. मोजकी लोकसंख्या असलेली जमात, पण आजवर त्या हॉस्पिटलात सगळ्या धर्मांची बाळं बरी झाली. आपल्याकडेही काहीच नाही असं नाही. अंजुमन-इ-इस्लाम १८७४ पासून आहे, पुण्यात आझम कॅम्पस आहे, मालेगावात मन्सूरा आहे. युनानी, फार्मसी, डेंटल, इंजिनिअरिंग अशी कॉलेजं निघाली. हे काम मोठं आहे. आणि १९१२ मध्ये बाल्कन युद्धाच्या वेळी डॉ. मुख्तार अहमद अन्सारी हिंदुस्थानी डॉक्टरांचं आणि स्वयंसेवकांचं पथक घेऊन तुर्कस्तानला गेले होते. जखमी तुर्की सैनिकांसाठी इथल्या मुसलमानांनी पैसा जमवला होता. खिदमतीची परंपरा आपल्यात आहेच.

तरीही २०२२ च्या शेवटी काय झालं आठवा. मुंबईत गोवंडीत, मग भिवंडीत, मालेगावात गोवरची साथ आली. बाळं दगावली. अर-राझींनी हजार वर्षांपूर्वी ओळखलेला, लस असलेला आजार! कोविडच्या काळात डोस राहिले होते, काही घरांत लसीबद्दल शंका होत्या, कुणाला तारीखच माहीत नव्हती. तेव्हा पालिकेच्या आरोग्यसेविका गल्लीगल्ली फिरल्या, इमामांनी मशिदीतून आवाहन केलं. मला सारखं वाटत होतं, दार ठोठावणारी ती बाई जर त्याच गल्लीतली, त्याच भाषेत बोलणारी, शिकलेली नर्स असती तर किती दारं आधीच उघडली असती!

दरवर्षी मी दहावीच्या मुलींना विचारते, पुढे काय करणार? निम्म्या हात वर करतात : ‘टीचर, डॉक्टर!’ नीटचे मार्क, कॉलेजची फी, घरची परिस्थिती बघता त्यांतली एखादीच तिथे पोचते. बाकीच्या ‘आर्ट्स’ घेतात आणि घरी बसतात. नर्सिंगचं नाव काढलं की वर्गात शांतता. एका अम्मीने मला स्पष्ट सांगितलं, ‘टीचर, रातकी ड्युटी रहती, रिश्ते नै आते.’ मी त्यांना रुफैदा अल-अस्लमिय्या रजि. यांची आठवण करून दिली. मदिन्यात मस्जिदे-नबवीजवळ त्यांचा तंबू होता, जखमींची मलमपट्टी तिथे व्हायची. खंदकच्या लढाईत जखमी झालेले हजरत साद बिन मुआज रजि. यांना उपचारांसाठी खुद्द अल्लाहच्या रसूल ﷺ यांनी तिथे ठेवायला सांगितलं. अम्मी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘इनके अब्बा से बात करती मैं.’ मुलगी आता जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

पालकांसाठी थोडी कामाची माहिती : एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा कोर्स. बी.एस्सी.साठी बारावी सायन्स, त्यात बायोलॉजी लागते. पण एएनएम आणि जीएनएमचा रस्ता आर्ट्सवाल्या मुलीलाही बंद नसतो. प्रवेशाचे नियम बदलत असतात, म्हणून बारावीच्या आधीच चौकशी करा. कॉलेज मान्यताप्राप्त आहे का, ते नर्सिंग कौन्सिलच्या यादीत बघितल्याशिवाय एक रुपयाही भरू नका.

आणि जमातींच्या, ट्रस्टच्या जिम्मेदार लोकांना एक विनंती. लगेच मेडिकल कॉलेजचं स्वप्न बघू नका. दरवर्षी आपल्या शहरातल्या पाच मुलींची नर्सिंगची फी आणि होस्टेल एवढंच उचला. दहा वर्षांत पन्नास होतात. मशिदीच्या रिकाम्या हॉलमध्ये महिन्यातून एक दिवस लसीकरणाचा कॅम्प ठेवा, कुठल्या घरातल्या बाळाचा डोस राहिला त्याची वही करा. हाजेत्तेपेही एका विभागातून सुरू झालं आणि विद्यापीठ व्हायला तेरा वर्षं लागली.

२०२० च्या सरकारी आकड्यांनुसार महाराष्ट्रात हजारामागे १६ बाळं पहिल्या वर्षात जातात, देशात २८. आकडा कमी होतोय, शुक्र आहे. पण व्हॉट्सॲपवर जो फोटो येतो तो त्या सोळांपैकीच एकाचा असतो. पुढच्या वेळी तो मेसेज आला की मदत जरूर करा. आणि पैसे पाठवून झाले की ग्रुपवर एक ओळ लिहा : आपल्या मोहल्ल्यातून या वर्षी नर्सिंगला कोण जातंय?